काजळाचं बोट

नाही व बाई, मी तुले नावं नाही ठेवून राहिली — पण फोटोच्या आधी लेकराच्या गालावरची ती तीट पुसून टाक. बारीक असली तरी पुस. हा स्टुडिओवाला फोटो काढून मोकळा होते, मंग तिकडं पासपोर्टवाले वापस करते. घे, माझा रुमाल ओला आहे. कुठं चालले तुमी? दुबईले? बरं.

मले कसं माहीत? अवं, मागच्या साली तीन महिने जर्मनीत होती ना मी. माझ्या पोरीच्या, दीपमालाच्या बाळंतपणाले. तिकडं जन्मलेल्या लेकराले आपला पासपोर्ट लागते, नाही त मायच्या मांडीवर असलं तरी विमानात बसू देत नाही. अन् फोटोचे नियम — मागं पांढरं पायजे, तोंड बंद, डोळे उघडे, कोणाचा हात दिसला नाही पायजे. आता दीड महिन्याचं लेकरू ऐकते का? दीपमालानं पलंगावर पांढरी चादर टाकली, जवाई खुर्चीवर चढून वरून मोबाइल धरून राहिले, मी खुळखुळा वाजवून राहिली. साठ फोटो काढले, त्यातला एक जमला.

अन् आमचे हे इथं अमरावतीत एकटे. लाइनमन होते, रिटायर झालते. नात येणार म्हणून घरातले खालचे सगळे प्लग टेप लावून बंद केले त्यायनं. मी फोनवर म्हटलं, अवो, तीन महिन्याच्या लेकराचा हात कुठं पोचते? त म्हणे, करंट वय विचारत नाही. असे होते. दृष्ट-बिष्ट त अजिबात मानत नव्हते. दीपमाला लहान होती तवा मी तीट लावली का पुसून टाकत — म्हणत, भेव तुले वाटते ना, मंग तुह्या गालाले लाव. मी मंग कानामागं लावू लागली, चोरून.

त त्या दिवशी — कोणाजवळ बोलली नाही मी हे — चादरीवर ठेवायच्या आधी नातीच्या, प्रणालीच्या हनुवटीखाली काजळाचं बोट टेकवलं. तिळाएवढं. परका देश, घडी घडी फोटो — माझ्यानं राहवलं नाही. तवा तिची मान खाली होती, कोणाले दिसलं नाही. फोटोत मान वर आली.

चार तास रेल्वेत बसून आपल्या एम्बसीत गेलो. खिडकीतल्या बाईनं फोटो वापस दिला — डाग आहे म्हणे. पुढची तारीख अठरा दिवसांनी. तिकिटं पुढं ढकलली. दीपमालाच्या बाबाले फोनवर म्हटलं, थोडं थांबा. हे म्हणे, थांबतो ना, मले कुठं जायचं आहे?

पहिल्या तिकिटानं आलो असतो त वीस तारखेले घरी राहिलो असतो. हे सव्वीसले गेले. झटका आला, शेजाऱ्यायनं दवाखान्यात नेलं, तेवढंच. मी एकटी आली, तवा सगळं होऊन गेलं होतं. दीपमाला त येऊच शकली नाही — लेकराचा पासपोर्टच हातात नव्हता.

नाही व, रडून नाही राहिली. त्यायचाच फोटो मोठा करायले टाकला होता, तो न्यायले आली. परवा वर्ष होते, पुण्यानुमोदन ठेवलं.

दीपमालाले वाटते, तो डाग मोबाइलच्या काचेचा होता. फोन केला का तेच — आई, मी काच पुसली नाही, पुसली असती त बाबा प्रणालीले पाहून गेले असते. अन् मी म्हणते, जाऊ दे माय. वर्षभर एवढंच म्हणून राहिली — जाऊ दे. एक डाव आलं होतं तोंडाशी, त प्रणाली मधातच हसली फोनवर. मंग राहूनच गेलं. नाही — राहून नाही गेलं, मीच गिळलं.

उद्या येऊन राहिली ती. सकाळी अकोल्याले सासरी, संध्याकाळी इकडं. बापाच्या फोटोपुढं उभी राहून पुन्हा तेच म्हणते, पायजो तू. सांगू का तिले? तू तिच्याच वयाची दिसते म्हणून विचारते — तुह्या मायनं असं केलं असतं, अन् वर्षभर तुले आपल्या जिवाले खाऊ दिलं असतं, त तू तिले —

नोको. नोको सांगू. जाय बाई, तुहा नंबर आला.