वाहतं सगळंच, पण किती?

...आणि वर मलाच विचारतात, 'अहो, वाहतंय ना? मग झालं की.' झालं कसं? तुम्हाला सांगते, वाहतं सगळंच. किती वाहतं, तिथे माझा जीव टांगलाय. म्हणजे बघा, काचेची एक पट्टी, तिच्यात केसाएवढी बारीक नाली, नालीत यकृताच्या जिवंत पेशी चिकटून बसलेल्या, आणि त्यांच्या अंगावरून खाऊचं पाणी हळूहळू न्यायचं. जोरात गेलं तर पेशी वाहून जातात, फार हळू गेलं तर उपाशी मरतात... म्हणून नेमकं किती जातंय ते मोजणारा सेन्सर हवा, आणि तो मीच करणार, असं शिक्षण संपवून परत येताना विमानात ठरवलं. शेजारच्या प्रवाशालाही सांगितलं. तो झोपला होता, पण सांगितलं.

सेन्सर तसा सोपा. नालीत इवलासा हीटर, पुढे इवलासा थर्मामीटर. ऊब जितक्या लवकर पुढे पोचेल तितका पाण्याचा वेग. पहिल्या खेपेलाच आकडा असा देखणा आला की मी नाचले. पेशी वाढवणारी माझी सहकारी, आम्ही तिला पेशीताईच म्हणतो, सूक्ष्मदर्शकातून मान न काढता म्हणाली, "नाचून घे. माझी लेकरं उकडलीस तू."

मग हीटर मंद केला. पेशी जगल्या, पण सेन्सर इतका हळवा झाला की कुणी दार लोटलं की आकडा उडतो, लिफ्ट आली की उडतो, पेशीताई शिंकली तर नालीत पूर.

"मी शिंकायचंही नाही का गं?"

"शिंक ना ताई, फक्त आधी सांग."

"शिंक काय वेळ ठरवून येते?"

डोक्यावरून पाणी गेलं, तेही किती गेलं ते मोजता येईना. आईचा फोन. "तुझं ते पाणी वाहिलं का?" म्हटलं, आई, वाहतं गं सगळंच, किती वाहतं तेच कळत नाही. "तू लहानपणापासून अशीच," म्हणाली, "वाहवत जातेस."

त्यात विभागाचे साहेब दारात. "समिती येतेय पाहायला. आकडा स्थिर दिसला तर खोली तुमची, नाहीतर इथे झेरॉक्सचं मशीन बसतंय."

"आणि पेशी, साहेब?"

"लहानच आहेत ना? मावतील कुठेतरी."

आता बोला. कुठेतरी कशा मावतील? त्या खोलीबाहेर एक दिवस जगणार नाहीत, आणि माझं म्हणाल तर माझाही भरवसा नाही. म्हणून त्या दिवशी लिफ्ट बंद ठेवली, समिती जिन्याने धापा टाकत वर आली, दाराच्या फटीत टॉवेल, पेशीताईने नाक चिमटीत धरलेलं... आणि आकडा? स्थिर. अध्यक्ष खोकले, स्थिर. दार आपटलं, स्थिर. शेवटी ताईला राहवेना, ती शिंकली, तरी स्थिर. टाळ्या. माझे डोळे भरून आले, म्हणून मी खाली पाहिलं, आणि तुम्हाला सांगते... सेन्सरची वायर अध्यक्षांच्या बुटाशी लोंबत होती. टेबल पुसताना माझ्याच हातून निघालेली, आणि स्क्रीन आपला शेवटचा आकडा धरून बसलेला.

तुम्ही काय केलं असतं? गप्प बसला असतात. मी कसली गप्प बसते, मी विज्ञानाची सेवा करायला आलेली ना... "माफ करा," म्हटलं, "सेन्सर जोडलेलाच नाहीये."

ताईने डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला, वायरकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं. "म्हणजे न जोडता इतका चांगला चालतो?"

साहेब एका दमात म्हणाले, "तेच तर याचं वैशिष्ट्य."

खोली राहिली. पेशी राहिल्या. किती वाहतंय ते आजही कुणाला माहीत नाही. फक्त साहेब रोज सकाळी दारातून डोकावतात, "काय, जोडला नाहीत ना?" आणि मी म्हणते, "नाही साहेब, उत्तम चाललाय."