समजलं का?

बहात्तरचा उन्हाळा होता. नगरच्या स्टँडवर अकोले तालुक्याच्या गाडीच्या रांगेत पुढं उभं असलेलं पोरगं आपल्याच वर्गातलं, हे फिजिक्सच्या गंधेसरांनी पाठीवरूनच ओळखलं. ते हाक मारणार, तोच पोराची आत्या कडाडली.

“पर नापास झालास कसा, गोरक्ष? शाळंत तर पयला यायचास!”

“शाळंत मराठीत हुतं, आत्या. कालेजात गती आन् उष्णता, समदं इंग्रजीत.”

“मंग इचारायचं की!”

“सरच इचारायचे, समजलं का म्हनून. आमी गावाकडची पोरं माना डोलवायचो.”

“समजत नसताना?”

“अगं, घामाघूम व्हायचे ते. सदरा खडूनं पांढरा. येवढं जीव तोडून शिकिवनाऱ्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं?”

“आन् आता?”

“आता कालेज सुटलं. भातलावनीला हायेच मी.”

गाडी लागली. पिशवी उचलताना गोरक्षला मागं सर दिसले. गडबडीनं तो त्यांच्या पाया पडला.

“गावी निघालास?”

“हो, सर.”

मग सरांनी विचारलं, “वर्गात समजत होतं ना रे?”

गोरक्षनं मान डोलावली.