शेळीची सोडत

त्या दिवशी ऊन इतकं कडक होतं, की बाभुळगावच्या रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. झालं काय, की शेजारच्या नामदेवच्या बायकोचं, कांताचं, नागपूरला ऑपरेशन करायचं होतं. कापसाला भाव नव्हता, हात पसरावा कोणापुढं? म्हणून आमच्या विहाराच्या मंडळानं तिकिटं काढली. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला शेळी. पोलीस पाटील म्हणाला, आधी परवानगी आणा. मंडळात वयानं मोठा मीच, मलाच तहसिलीत धाडलं.

बाबू भला होता. म्हणाला, "काकाजी, नुसती देणगी असंन तर आत्ताच शिक्का मारतो. देणगीच हाय ना?"

मी म्हटलं, "नाही जी. ज्याचं नशीब, त्याची शेळी."

त्यानं कपाळाला हात लावला. "मंग हा जुगार झाला. जिल्ह्याले पाठवा लागते."

कागद जिल्ह्याला गेला. उत्तर यायच्या आधीच कांता गेली.

कांताच्या जलदानविधीच्या दिवशी मी नामदेवजवळ बसलो. म्हटलं, "बापू, मी देणगी म्हटलं असतं तर..."

त्यानं माझा हात धरला. म्हणाला, "तुमचं काय चुकलं, काकाजी? काम खोटं बोलायचं होतं, मीच जायले पायजे होतो."