भर थिएटरात दिलेला होकार

माझं लग्न कुठं ठरलं माहितीय? श्रीगोंद्याच्या थिएटरात, मॅटिनीला. सुनीताला मी पसंत होतो, पण तिचे वडील, आबा, ऐकेनात. मी साखर कारखान्यात हंगामी कामाला. ते म्हणायचे, "जावई बारमाही पायजे."

शेवटी माझे मामा त्यांना गोडीगुलाबीनं पाथर्डीहून पिक्चरला घेऊन आले. आमच्याकडं दर दिवाळीत एक जुना गाण्यांचा तमाशापट लागतो. लोकांना तो तोंडपाठ आहे. त्यात हिरो गाणं म्हणत पोरगी मागतो आणि तिचा बाप नुसता गप्प बसतो. त्यालाही आबाच म्हणतात. मग सगळं थिएटर उभं राहून पडद्याकडं ओरडतं, "आबा, द्या की पोरगी!" ही आमच्याकडची रीतच. पाथर्डीच्या आबांना ती कुणी सांगितली नव्हती. शिवाय ते पहिल्याच गाण्याला झोपले होते.

त्या ओरड्यानं ते दचकून जागे झाले. चहूकडं माणसं उभी, हात वर. "आबा, द्या की पोरगी!" बायकासुद्धा. मीही उभा होतो.

आबांनी टोपी सारखी केली, उठले आणि ओरडले, "दिली! आता बसा खाली!"

बाहेर चहा पिताना मामांनी भीतभीत खरं काय ते सांगितलं. आबांनी विचारलं, "पिच्चरमधल्या बापानं कवा दिली?"

"शेवटच्या गाण्यात."

"मंग मी जरा लवकरच उठलो म्हना," आबा म्हणाले. "असू द्या. तारीख काढा."