पाच मिनिटं शांत

इबादानच्या विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकांच्या दाराबाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी एक मावशी आणि त्यांची भाची. भाचीच्या मांडीवर रक्तदाब मोजायचं यंत्र.

“तुझ्या पीएचडीसाठी बाजारातल्या चाळीस बायका आणून दिल्या मी. चाळीस! आणि सर म्हणतात, आकडे टाकून दे?”

“सगळ्यांचा रक्तदाब जास्त आलाय, मावशी.”

“यंत्र बिघडलंय तुझं.”

“यंत्र ठणठणीत आहे. मोजण्याआधी बाईनं पाच मिनिटं शांत बसायचं असतं.”

“बसल्या होत्या की! मी स्वतः सारखी आत येऊन बघत होते.”

“तेच तर झालं. तुम्ही बाजाराच्या प्रमुख. तुम्ही आत आलात की बाई उठायची आणि गुडघे टेकून नमस्कार करायची. दर वेळी.”

“मग काय, ढिम्म बसून राहतील माझ्यासमोर?”

“मी पुन्हा मोजणार आहे. चाळीसच्या चाळीस. या खेपेला तुम्ही बाहेर थांबायचं.”

“मला बाहेर काढतेस, अबोसेदे? याच हातांनी न्हाऊमाखू घातलंय तुला!”

“मग याच हातापासून सुरुवात करते. बाही वर घ्या.”

“इथं?”

“इथंच. बोलायचं नाही, हलायचं नाही.”

तीन मिनिटं मावशी खरंच गप्प बसल्या. मग दार उघडलं, प्राध्यापक बाहेर आले. मावशी अर्ध्या उठल्या.

“अगं, सर आले, ऊठ!”

“बसा, मावशी. सर, तुम्ही दोन मिनिटं आत थांबा.”