पोर्टल कोण वाचतं?

...आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही दिवसभर करता काय हो?" आता काय सांगायचं? आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते, तिथला फिटर संध्याकाळी पंप दाखवू शकतो, मी काय दाखवू? मी पोर्टल सांभाळतो. पोर्टल म्हणजे कंपनीची आतली वेबसाइट, सूचना तिथे, रजेचे अर्ज तिथे, सगळं तिथे... फक्त माणसं नाहीत तिथे. लिफ्ट बंद राहणार म्हणून आदल्या दिवशी सूचना टाकावी, तर सकाळी अख्खी रांग लिफ्टसमोर, आणि मी जिन्यावरून घसा फोडून सांगतोय, "अहो, पोर्टलवर टाकलं होतं!" की रांगेतून एका सुरात उत्तर, "पोर्टल कोण वाचतं?"

बरं, वाचावं म्हणून मी काय कमी खटपट केली? प्रत्येक सूचना फोनवर पाठवायला लागलो, तर तक्रारी आल्या की फोन सारखा किणकिणतो. मग मीच सेटिंग केलं, दिवसाला एकच सूचना फोनवर जाईल. मग कोणीतरी पगारवाढीची अफवा उठवली, तर मीच मजल्यामजल्यावर, अगदी गेटवरसुद्धा पाट्या लावल्या, 'तोंडी निरोपावर विश्वास ठेवू नका, पोर्टलवर आहे तेच खरं.' पाट्यांवर लोकांनी छत्र्या अडकवल्या. पोर्टल कोण वाचतं?

आणि परवा मोठ्या साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब बोलतात कमी, चष्मा पुसतात जास्त, आणि चष्मा पुसायला लागले की समजावं, आज कोणाचं तरी काही खरं नाही. म्हणाले, "या महिन्यात वाचक दिसले नाहीत तर पोर्टल बंद. तुम्ही गोदामात." एवढंच! अहो, आयुष्य गेलं या कामात, आता पत्र्याखाली बसून खोकी मोजू? रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

म्हणून काल दुपारी म्हटलं, आधी बघू तरी, सूचना पाठवायचं बटण नीट चालतं का. आमच्याकडे पोर्टल दोन असतात, एक खरं आणि एक सरावाचं, दिसायला जुळे भाऊ. सरावात काहीही लिहावं, कोणाला दिसत नाही. मी लिहिलं, 'उद्या कंपनीला सुट्टी. कारण विचारू नये.' आणि दाबलं बटण.

माझा खिसा किणकिणला.

तुम्हाला सांगतो, सरावाचं पोर्टल खिशात किणकिणत नाही! माझा हात खिशावर, तोवर शेजारच्या टेबलावर किणकिण, मग हिशेब खात्यात, मग जिन्याच्या बाजूने, मग खाली मशिनांच्या शॉपमधून एक आरोळी... आनंदाची. आणि उद्या काय होतं ठाऊक आहे? बाहेरचे पाहुणे येणार होते, मोठी ऑर्डर घेऊन, सगळा कारखाना चालता बघायला!

घाम फुटला हो. ताबडतोब सूचना पुसली, नवी लिहिली, 'आधीची सूचना चुकीची. उद्या सुट्टी नाही,' दाबलं बटण... खिसा गप्प. पुन्हा दाबलं, गप्प. मग समोर लाल अक्षरं आली, 'आजची एक सूचना पाठवून झाली आहे.' माझंच सेटिंग! ते बदलायला गेलो तर म्हणतं, बदल उद्यापासून लागू. हेही मीच ठरवलेलं, घाईत कोणी घोळ घालू नये म्हणून! साहेबांना फोन लावतो, तर ते पाहुण्यांना आणायला विमानात.

धावलो. पहिल्या मजल्यावर ओरडलो, दुसऱ्यावर ओरडलो, लोक डबे आवरतायत. मनुष्यबळ विभागाच्या बाईंना हात जोडून म्हटलं, "बाई, सुट्टी नाहीये, चुकून गेली." त्या पर्सची चेन लावत म्हणाल्या, "तसं पोर्टलवर दिसत नाही." दिसतंय की, म्हटलं, उघडून तर बघा! "फोनवर आलं नाही, म्हणजे नाही." पॅकिंगमध्ये माझा सख्खा मेहुणा आहे, म्हटलं हा तरी ऐकेल, तर तो सायकल काढत म्हणतो, "दाजी, ताईला सांगितलंय मी, उद्या सगळे बाहेर जातोय. तुम्ही कशाला घाबरता, पोर्टलवर आहे तेच खरं!" शेवटी गेट अडवून उभा राहिलो. वॉचमनने माझा दंड धरून बाजूला केलं, पाटीवरची छत्री काढली आणि पाटी मला मोठ्याने वाचून दाखवली. 'तोंडी निरोपावर...' अहो, मीच लिहिलीय ती! "मग पाळा की," म्हणाला.

आज सकाळी कारखान्यात मी एकटा. साहेब पाहुण्यांना घेऊन आले, दार उघडलं... मशिनं थंड, दिवे बंद, मधोमध मी. साहेबांनी चष्मा काढला, पुसायला लागले. मी सांगून टाकलं सगळं, एका दमात. साहेब पुसतायत. पाहुण्यांतले म्हातारे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे एक सूचना गेली आणि झाडून सगळ्यांनी वाचली? सगळ्यांनी पाळली?" म्हटलं, "हो." ते आपल्या माणसांकडे वळले, "बघा! आपल्याकडे आग लागल्याची सूचना दिली तरी कोणी खुर्ची सोडत नाही. ज्यांची माणसं एवढी ऐकतात, त्यांचा माल वेळेवर येणारच." आणि ऑर्डर दिली हो! साहेबांनी चष्मा डोळ्यावर ठेवला. "पोर्टल चालू राहील," म्हणाले. मी भिंतीला टेकलो, खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

जागेवर येऊन बसलो, तर खिसा किणकिणला. बाईंनी घरून माझी हजेरी बघून सूचना टाकली होती, मला उद्देशून, पण अख्ख्या कंपनीला. 'सुट्टीच्या दिवशी परवानगीशिवाय हजर राहिल्याबद्दल सक्त ताकीद.' बायकोचा लगेच फोन, "अहो, हे काय? भावाने वाचून दाखवलं. सगळे हसतायत!"

मी म्हटलं, हसू दे गं... नाहीतरी पोर्टल कोण वाचतं?