भोयरकाकांचा वस्तरा

माझ्या दुकानातून गिऱ्हाईक तसंच परत गेलं, तर त्या दिवशी मला जेवण गोड लागत नाही. हे ओळखूनच बहुतेक भोयरकाका वैशाली नगरातल्या माझ्या दुकानात आले असावेत. जन्मभर प्लांटमध्ये पोलाद तपासून रिटायर झालेला माणूस.

"सेठ, दाढीले वस्तरा दाखवा. त्या ब्लेडच्या दाढीत मजा नाई."

मी असतील तेवढे वस्तरे मांडले. काका एकेक वस्तरा हातावर फिरवून धार पाहू लागले. निवडता निवडता दोन उरले, पण तोवर काकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाले होते.

"सेठ, तुमचा हात द्या."

"कावून, काका?"

"माह्या हातावरचे केस संपले ना."

विक्री जमत आली होती, म्हणून मी बाही वर केली. थोड्या वेळानं दुसरीही केली.

"आता सांगा, कोणता बांधून देऊ?"

काकांनी दोन्ही वस्तरे उजेडात धरले, मान हलवली आणि काउंटरवर ठेवले.

"दोन्ही बराबर चालून राहिले. हे बाजूले ठेवा, सेठ. तुमच्या हाताले केस आले का मले फोन करजा."